जे. कृष्णमूर्तींच्या आठवणींची पुस्तकं : आप्पांना वाचून दाखवायला आधी कुठलं घेऊ?

आंब्याची_लेक | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लई दिवसांनी लिहितेय इथं, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचे आप्पा ८१ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणिताचे मास्तर होते. काचबिंदूनं दोन्ही डोळ्यांची नजर गेल्यात जमा आहे. टीव्हीचा आवाज सोसत नाही, मोबाईलवर प्रवचन लावून दिलं तर दोन मिनिटांत "बंद कर गं ते" म्हणतात. म्हणून महिन्याभरापासून सांच्याला दिवाबत्ती झाली की मी तासभर काहीबाही वाचून दाखवते. पेपर झाला, जुने दिवाळी अंक झाले. परवा म्हणाले, माळ्यावरची पत्र्याची पेटी काढ. काढली. डांबरगोळ्यांचा वास, कसर लागलेली पानं, एसटीची तिकिटं खुणेला घातलेली, आणि आत सगळे कृष्णमूर्तीच कृष्णमूर्ती! इंग्रजी जास्त, मराठी भाषांतरं दोनतीन.

मला हा माणूस नावापुरता माहीत, गुरू नको म्हणणारा तत्त्वज्ञ एवढाच. आप्पांनी पण त्यांना एकदाच ऐकलंय, ८० सालाच्या आसपास, मुंबईत जे. जे. आर्ट स्कूलच्या आवारात. काकूच्या ऑपरेशनसाठी गेले होते, दवाखान्यात बसून बसून वैतागले, तिथंच कुणीतरी म्हणालं चला एक म्हातारा बोलतोय, तिकीटबिकीट काही नाही. तर पांढऱ्या कपड्यातला बारीक माणूस येऊन मांडी घालून बसला, हात जोडले, झाडावर कावळे ओरडत होते आणि तो कावळ्यांचं होईपर्यंत थांबला, एवढंच आप्पा सांगतात. काय बोलला ते सांगत नाहीत. पण त्या एका सांजेवर पुढं कित्येक वर्षं पुस्तकं मागवत राहिले आणि आईची बोलणी खात राहिले.

आता त्यांची अट अशी की प्रवचन नको. "तो माणूस जेवायचा कसा, चिडायचा कसा, रडला कधी, ते वाच." म्हणजे त्यांची स्वतःची पुस्तकं नकोत, त्यांच्याबद्दल इतरांनी लिहिलेली हवीत. पेटीत पुपुल जयकरांचं जाडजूड चरित्र आहे, मेरी ल्युटेन्सचे तीन भाग आहेत, सुनंदा पटवर्धनांचं आहे. कुठून सुरू करू? इंग्रजी वाचून जागच्या जागी मराठी करून सांगावं लागतं, त्यामुळे सोप्पं असलं तर बरं.

अजून एक गंमत. ल्युटेन्सच्या पहिल्या भागात १९२९ च्या भाषणापाशी समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलंय, "मग निवृत्तीनाथांचं काय?" आप्पांना अजून विचारलं नाही.

गोदाकाठ | सोमवार, रात्री १०:२५

ताई, तुमच्या आप्पांची अट वाचून आधी हसलो आणि मग वाटलं माणूस बरोब्बर बोलला.

मी सांगेन ल्युटेन्सचा पहिला भागच घ्या. जयकरबाईंचं पुस्तक १९८६ चं, कृष्णमूर्ती गेले त्याच सालचं, आणि भारतातलं चित्र त्यात जास्त भरून आलंय. बाईंची त्यांची भेट १९४८ च्या जानेवारीत मुंबईत झाली, तिथून पुढचं त्यांनी जवळून पाहिलेलं. पण त्यात संवाद पानंच्या पानं आहेत, मोठ्यानं वाचायला घेतलं तर तुमचा घसा बसंल आणि आप्पा घोरतील. ल्युटेन्सबाईंचं तसं नाही. दिल्ली बांधणारा तो ल्युटेन्स, त्याची ही लेक. आई थिऑसॉफीत, म्हणजे सगळ्या धर्मांचं मूळ एकच मानणाऱ्या अध्यात्माच्या पंथात, आकंठ बुडालेली, त्यामुळे ही लहान असल्यापासून कृष्णमूर्ती त्यांच्या घरातलेच. तिला गुरूबिरूचं काही पडलेलं नाही, तिला 'तो पोरगा' माहितीय. तीन भाग आले १९७५, १९८३ आणि १९८८ ला. तिसरा अगदी शेवटच्या दिवसांचा.

पहिल्या भागात सगळी कथाच आहे. १८९५ ला मदनपल्लीत जन्म, आठवं अपत्य म्हणून कृष्ण नाव. आई १९०५ ला गेली. बाप थिऑसॉफिकल सोसायटीत कारकुनी करायला मद्रासजवळ अड्यारला आला, आणि तिथं १९०९ ला समुद्रकाठी सोसायटीतल्या लेडबीटर नावाच्या पुढाऱ्यानं हे चौदा वर्षांचं किडकिडीत, उवांनी भरलेलं, सगळ्यांनी मंद ठरवलेलं पोरगं बघितलं आणि म्हणाला हाच जगद्गुरू होणार! पुढं सोसायटीच्या अध्यक्ष ॲनी बेझंटबाईंनी ह्याला आणि ह्याच्या धाकट्या भावाला सांभाळलं, बापानं कोर्टात केस केली, १९११ ला ह्या पोराच्या नावानं जागतिक संघटना काढली. तुम्हीच सांगा, कादंबरीत लिहिलं तर कुणी पटवून घेईल का.

आणि मग ३ ऑगस्ट १९२९. हॉलंडमध्ये ओमेनला शिबिर, तीन हजारांवर माणसं समोर, बेझंटबाई स्वतः बसलेल्या, आणि ह्यानं उभं राहून ती संघटनाच मोडून टाकली. सत्याकडं जायला वाट नाही, कुणी कुणाला नेऊ शकत नाही. एका भक्तानं दिलेला किल्ला आणि जमीन त्याला परत केली. तुमच्या पेन्सिलवाल्यानं बरोबर तिथंच हात घातलाय.

उदगीरचा_उद्या | सोमवार, रात्री १०:३१

वाखूण साठवली. सवडीनं वाचतो.

मांजरापार | मंगळवार, सकाळी ७:५०

गोदाकाठ, तुम्ही एक पुस्तक मुद्दाम गाळलं का विसरलात?

राधा राजगोपाल स्लॉस यांचं १९९१ चं. कृष्णमूर्तींचं सगळं कामकाज बघणारे राजगोपाल, त्यांची ही मुलगी, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओहायच्या घरात ह्यांच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. तिनं सरळ लिहिलंय की आपल्या आईचे आणि कृष्णमूर्तींचे कित्येक वर्षं संबंध होते. आप्पांना "माणूस कसा होता" हे हवंय ना, मग हे पण वाचा की. नाहीतर आपण पण तेच करतोय जे बाकीचे महाराजांच्या पोथीत करतात, जन्मला तेव्हा ढगातून फुलं पडली वगैरे.

मी लातुरात पुस्तकांच्या धंद्यात बारा वर्षं काढली. बुवा-महाराजांच्या आठवणींची पुस्तकं गठ्ठ्यानं जायची, आणि सगळ्यांत आजारी माणूस बरा व्हायचाच. एकात पण महाराज चिडले, चुकले, माफी मागितली असं नसायचं.

निवृत्त_मास्तर_परभणी | मंगळवार, दुपारी १२:१५

मी स्वतः गणिताचाच मास्तर, त्यामुळे आप्पांना आधी नमस्कार सांगा.

पण मला ती पेन्सिलीची ओळ सोडवत नाही. आमच्या घरात चार पिढ्यांची पंढरीची वारी आहे. ज्ञानोबांनी ज्ञानेश्वरीत जागोजागी थोरल्या भावाचं, निवृत्तीनाथांचं नाव घेतलं, स्वतःकडं काही ठेवलं नाही. एकनाथ महाराज तर जिथं तिथं 'एका जनार्दनीं', म्हणजे स्वतःच्या नावाला गुरूचं नाव जोडल्याशिवाय अभंग पुरा करत नाहीत. आणि हा विद्वान माणूस सांगतो गुरू नको, परंपरा नको, पोथी नको. बरं, असं सांगत स्वतः साठ वर्षं जगभर हिंडला, लोक समोर बसून ऐकायचे, शाळा काढल्या, फाउंडेशनं काढली, एकेक शब्द टेप करून ठेवला. मग हे गुरूपण नाही तर काय हो? नुसता हार घालून घेतला नाही म्हणून गुरू नाही का?

भांडायचं म्हणून लिहीत नाही. खरंच विचारतोय. मी दोनदा वाचायला घेतलं आणि दोन्ही वेळा इथंच अडकलो.

पैठणचा_पाव्हणा | मंगळवार, दुपारी ३:०२

मास्तर, तुमच्या नाथांचंच घ्या की. एकनाथी भागवतात अवधूताची गोष्ट येते, सातवा आठवा नववा अध्याय. यदुराजा विचारतो, बाबा रे एवढा निवांत कसा तू, तुझा गुरू कोण? तो म्हणतो चोवीस गुरू केले. पृथ्वी, वारा, आकाश, कबुतर, अजगर, पतंग, मधमाशी, बाण करणारा लोहार, हातातल्या बांगड्या काढत काढत एकच ठेवणारी पोरगी. आता मला सांगा ह्यातल्या एकाला तरी ठाऊक होतं का आपण गुरू झालो म्हणून? लोहार बाणाकडं बघत होता, राजाची मिरवणूक दारावरून वाजत गेली त्याला पत्ता नाही. आमची आज्जी नाथषष्ठीला ही गोष्ट सांगायची तेव्हा लोहाराची नक्कल करायची, डोळे बारीक करून.

ओमेनच्या भाषणात ती सैतानाची गोष्ट आहे ना? रस्त्यानं जाणारा एकजण वाकून काहीतरी उचलतो आणि खिशात घालतो, सैतानाचा मित्र विचारतो काय उचललं रे त्यानं, सैतान म्हणतो सत्याचा तुकडा. मित्र म्हणतो मग तर तुझा धंदा बसला! सैतान म्हणतो छे, मी त्याला त्याची संघटना काढायला मदत करणार आहे. ही गोष्ट आमच्याकडं कीर्तनात सांगितली तरी लोक हसून टाळ्या देतील, आणि सांगणारा बुवा त्याच रात्री नव्या मठाची पावती फाडंल ते सोडा.

मांजरापार | मंगळवार, दुपारी ३:२०

पावती +१ 😄

आंब्याची_लेक | बुधवार, रात्री १०:१०

ल्युटेन्स पहिला भाग सुरू केला. काल आणि आज मिळून जे झालं ते सांगते.

लहानपणाचा भाग आला. बापाचं घड्याळ खोलून बसला आणि परत जोडून होईस्तोवर शाळेला जाणार नाही म्हणाला, तिथं आप्पा खूश. मग मैलापूरची शाळा आली. धडा येत नाही म्हणून जवळजवळ रोज छडी, आणि अर्धा वेळ वर्गाबाहेर व्हरांड्यात रडत उभा. मी वाचून पुढं गेले तर आप्पा म्हणाले थांब. परत वाच. परत वाचलं. मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत, बोटं धोतराच्या काठावरून फिरवत बसले. मला वाटलं झोप लागली. तर म्हणाले, "पावकीनिमकी येत नाही म्हणून मी एका पोराला आठवडाभर व्हरांड्यात उभा केला होता. धारूरकडचा होता. नाव आठवंना." जेवले नाहीत नीट.

आज तो भाऊ वारल्याचा भाग होता. नित्यानंद, १९२५ चा नोव्हेंबर, क्षयानं ओहायला वारला. कृष्णमूर्ती जहाजावर, सुएझपाशी तार आली. ह्यांना सांगितलेलं की महात्मे, म्हणजे थिऑसॉफीवाले मानायचे ते अदृश्य सिद्धपुरुष, भावाला काही होऊ देणार नाहीत, आणि त्या भरवशावर निघाले होते. एका केबिनमध्ये बी. शिव राव होते, त्यांनी नंतर सांगितलं की हा रात्री झोपेत भावाला हाका मारायचा. मद्रासला पोचेपर्यंत चेहरा निवळला होता. आप्पा म्हणाले, "संघटना २९ ला मोडली म्हणतेत, मोडली ती इथंच. जहाजावर." मला हे कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं.

आता अडचण. भाषांतर करताना एका शब्दापाशी मी रोज अडखळते. ते सारखं कंडिशनिंग म्हणतात, म्हणजे घरानं, जातीनं, धर्मानं, शाळेनं मनावर चढवलेलं. पेटीतल्या मराठी भाषांतरात त्याला 'संस्कार', 'संस्कारबद्धता' असं केलंय. मी तसं वाचलं तर आप्पा उखडले. "संस्कारांतून मुक्त व्हायचं म्हणजे? उद्या उठून कुणी पण आईबापाला अरेतुरे करंल!" काय म्हणू मग?

खामनदी | बुधवार, रात्री ११:४५

ताई हा फार जुना घोळ आहे. आपल्याकडं 'संस्कार' शब्द दोन घरी राहतो. एक योगशास्त्रातला, तिथं संस्कार म्हणजे मनावर उमटलेला ठसा, चांगला वाईट दोन्ही. दुसरा 'संस्कार वर्ग' वाला, शुभंकरोती आणि मोठ्यांच्या पाया पडणं. भाषांतर करणारे पहिल्या अर्थानं लिहितात, वाचणारे दुसऱ्या अर्थानं ऐकतात आणि चिडतात. मी तोंडी सांगताना 'मनाला लागलेलं वळण' म्हणतो. वळण लागलेला बैल कासरा न ओढता बांधावरून आपोआप वळतो, तसं. गावाकडं लगेच कळतं.

अवेअरनेसला 'अवधान' सगळ्यात बरा, 'सावधानता' नको, ती रेल्वे फाटकावरच्या पाटीसारखी वाटते. अवधान शब्दाला ज्ञानेश्वरीचं वजन आहे, श्रोत्यांना अवधान द्या म्हणूनच माउली सांगतात.

बाकी मी संभाजीनगरला असतो, ह्या लोकांची पुण्याजवळ राजगुरुनगरच्या बाजूला टेकडीवर सह्याद्री स्कूल आहे, १९९५ पासून, खाली चासकमान धरणाचं पाणी दिसतं. तिथं अभ्यास केंद्रात तीन दिवस राहून आलो. कुणी विचारलं नाही किती ध्यान करता, कुठून आलात, कुणाचे कोण. सकाळी व्हिडिओ दाखवतात, नंतर गोल बसून बोलायचं. पहिल्या दिवशी मी एकटाच बडबडलो, दुसऱ्या दिवशी लाज वाटली, तिसऱ्या दिवशी पाऊस बघत बसलो.

आप्पांच्या अटीत बसणारं खरं पुस्तक तुमच्या पेटीत नाहीये. ओहायला स्वैपाक करायला होते ते मायकेल क्रोनेन, त्यांचं 'द किचन क्रॉनिकल्स'. १००१ जेवणं असं पोटशीर्षक आहे. कुठल्या दिवशी काय शिजवलं ह्याची यादी, कोण पंगतीला होतं, आणि जेवताना कृष्णमूर्ती रोज ह्यालाच विचारायचे, काय बातम्या? म्हणून हा बिचारा स्वैपाक करता करता बातम्या ऐकून ठेवायचा. स्वर्ग, देव, सेंट पीटर ह्यांच्यावरचे विनोद म्हाताऱ्याला भारी आवडायचे. पीडीएफ आहे का बघतो, मिळाली तर पाठवतो.

निवृत्त_मास्तर_परभणी | गुरुवार, सकाळी ६:३०

पाव्हण्यांनी चोवीस गुरूंचं लिहिलं ते रात्रभर डोक्यात होतं. मान्य नाही, पण डोक्यात होतं.

तुमच्या त्या व्हरांड्यातल्या पोराचं वाचलं आणि मला माझी छडी आठवली, निरगुडीची होती. जास्त लिहीत नाही.

एक सांगतो. कृष्णमूर्तींचं ते वाक्य फार ऐकवतात लोक, पाहणारा आणि पाहिलेलं वेगळं नाही. आपल्याकडं त्याला त्रिपुटी म्हणतात, द्रष्टा, दृश्य, दर्शन. चांगदेव पासष्टीत माउलींनी हेच सांगितलंय, आरशात तोंड पाहणाऱ्याचा दाखला देऊन. चांगदेवाला मायना काय लिहावा कळेना, म्हणून त्यानं कोरं पत्र धाडलं आणि त्या कोऱ्या पत्राला ६५ ओव्यांचं उत्तर गेलं. मग नवीन काय सांगितलं ह्यांनी?

गोदाकाठ | गुरुवार, सकाळी ९:१५

मास्तर, नवीन नसंल कदाचित. पण पासष्टी आपल्या देवघरात ताटात ठेवलीय, हळदकुंकू वाहिलंय, आपण कधी तिच्याशी भांडलो का? मी तरी नाही. हा माणूस रोकडं विचारतो, तू हे स्वतः पाहिलंस का ऐकलंस? पासष्टी येते म्हणणं वेगळं. तुम्ही दोनदा अडकलात म्हणता, मला वाटतं तुम्हीच खरे वाचलंत. मी सगळी चरित्रं वाचली आणि कुठंच अडकलो नाही, हे काय फार भूषणाचं नाही.

मांजरापार, ते पुस्तक मी गाळलं नव्हतं, टाळलं होतं, कबूल. वाचलंय. त्यात राग आहे, पण सगळा राग खोटा नसतो. आईबापाच्या भांडणात वाढलेल्या लेकराची बाजू आहे ती, आणि तिला तो माणूस आवडत पण होता हे पानापानावर दिसतं. राजगोपालांशी ट्रस्टच्या पैशाजमिनीवरून कोर्टकज्जा झाला, तो १९७४ ला मिटला, हे तर ल्युटेन्सबाई पण सांगतात. पुढं १९९६ ला बाईंनी राधाच्या पुस्तकाला उत्तर म्हणून वेगळं पुस्तक लिहिलं. मी दोन्ही लागोपाठ वाचली. उत्तराच्या पुस्तकात संबंध नव्हतेच असं बाई म्हणत नाहीत, बाकीचं चित्र कसं एकांगी आहे ते सांगतात. मला त्याचा त्रास झाला का? झाला, आठ दिवस. दडवून ठेवलं ह्याचा जास्त झाला. पण मग घरातल्या बाईवर खेकसताना मीच कसा दिसतो ते बघायचं कृष्णमूर्तींनी सांगितलेलं, ते खोटं ठरलं का? तेवढं ठरवता येईना.

त्यामुळे ताई, आप्पांना सांगा असं एक पुस्तक आहे म्हणून. ऐकायचं का नाही ते ठरवतील ते. ८१ वर्षांच्या माणसापासून काय लपवायचं.

तेरणामाई | गुरुवार, रात्री ८:५०

सगळे ओहाय आणि हॉलंडच करायलेत, आपल्या माणसांचं कुणी लिहीना म्हणून मी लिहिते.

सुनंदा पटवर्धनांचं पेटीत आहे म्हणालात ना, ते हलकं समजू नका. त्या चर्चांच्या वेळी टिपणं घ्यायच्या, त्यांचे यजमान पमा पटवर्धन, आणि पमांचे थोरले बंधू म्हणजे आपल्या नगरचे अच्युतराव. बेचाळीसला भूमिगत झालेले, साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या वेळी ज्यांचं नाव घेतलं जायचं ते. स्वातंत्र्य मिळाल्यावर दोनचार वर्षांत राजकारण सोडलं आणि कृष्णमूर्तींच्या कामात आले, १९९२ ला वारले. मंत्रिपद चालून येईल अशा दिवसांत माणूस बाजूला होतो आणि शाळेचं काम बघतो, ह्याचं मला जास्त नवल वाटतं. नगर म्हणजे आपल्या बीडच्या शिवेवर, आणि आपल्याला ठाऊक नाही.

दुसऱ्या विमलाताई ठकार. त्या मराठीच. विनोबांच्या भूदानात गावोगाव पायी हिंडलेल्या. १९५० च्या दशकात कृष्णमूर्तींची भाषणं ऐकली. कानाचं दुखणं विकोपाला गेलेलं, कृष्णमूर्तींनी हात ठेवू का विचारलं, त्यांनी आधी आढेवेढे घेतले कारण उपकाराचं ओझं नको होतं, मग घेतलं आणि कान सुधारला. ह्यावर त्यांचं छोटंसं पुस्तक आहे, 'ऑन ॲन इटर्नल व्हॉयेज', १९६६ चं. मांजरापार म्हणतील बघा आलाच चमत्कार. पण बाई चमत्कारापाशी थांबतच नाहीत. त्यांना छळतंय ते वेगळंच की आतून सगळं ढवळलंय आणि आता भूदानाचं काम पूर्वीसारखं होईना. १९६२ ला त्यांनी भूदान सोडलं, सोबत्यांना पत्र लिहून. एवढ्या पातळ पुस्तकात एका बाईची एवढी घालमेल मी दुसरीकडं वाचली नाही. आणि बघा, कृष्णमूर्तींच्या मागं बसून राहिल्या नाहीत, स्वतःच्या पायावर स्वतःचं बोलत राहिल्या, अबूला राहायच्या, २००९ ला गेल्या.

भूदान म्हटलं की आमच्याकडं अजून विषय निघतो. १९५१ ला पोचमपल्लीला सुरू झालं तेव्हा आपण पण हैदराबाद राज्यातच. आमच्या आजोबांनी दोन एकर दिली होती. ती कुणाला मिळाली, सातबाऱ्यावर आज कुणाचं नाव आहे, ते विचारायला वडील वीस वर्षं हेलपाटे घालत होते. असो, हे विषयाला सोडून झालं.

मांजरापार | गुरुवार, रात्री ९:३०

ताई चमत्कार म्हणणार नाही, उपकाराचं ओझं नको म्हणणारी बाई मला आवडली. शोधतो ते पुस्तक.

फक्त शाळांबद्दल एक. झाडी, टेकडी, शांतता, इंग्रजी, सगळं छान. मोंढ्यातल्या हमालाच्या लेकराला तिथं कोण पोचवणार? मनाची मोकळीक पण पैसेवाल्यांनाच का?

निवृत्त_मास्तर_परभणी | शुक्रवार, सकाळी ६:१०

ह्याचं उत्तर मी देतो, आणि मीच देतोय ह्याचं मला हसू येतंय. मदनपल्लीजवळ त्यांची ऋषी व्हॅली शाळा आहे, तिच्या ग्रामीण केंद्रानं आजूबाजूच्या खेड्यांत एकशिक्षकी शाळा चालवल्या. एकाच वर्गात चार इयत्ता, प्रत्येक लेकरू आपल्या गतीनं कार्डं घेऊन पुढं सरकतं, मास्तर मधून मधून बघतो. १९९५ च्या सुमाराला म्हैसूर जिल्ह्यातले सरकारी मास्तर तिथं बघायला गेले आणि परत येऊन कर्नाटकात 'नली कली' सुरू झालं, पुढं सरकारी शाळांत पसरलं. आमच्या एका प्रशिक्षणात त्या कार्डांचा नमुना हातात आला होता. तेव्हा मला ठाऊक नव्हतं ह्याच माणसाच्या शाळेतून आलंय म्हणून. मी आपलं चांगलं आहे म्हणून वापरलं, दोन वर्षं. छडी त्याच वर्षी सुटली.

पैठणचा_पाव्हणा | शुक्रवार, सकाळी ६:४०

मास्तर, पंचविसावा गुरू सापडला की मग!

निवृत्त_मास्तर_परभणी | शुक्रवार, सकाळी ६:४२

गप बसा.

आंब्याची_लेक | रविवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे धागे आप्पांना वाचून दाखवते हं मी, मास्तरांचं "गप बसा" दोनदा वाचायला लावलं.

'वळण' शब्द चालला. बैलाचं उदाहरण दिल्यावर म्हणाले, "हां, मग असं सांग की." राधाच्या पुस्तकाचं सांगितलं. थोडा वेळ गप्प होते, मग विचारलं ती पोरगी त्याला काय म्हणून हाक मारायची ते लिहिलंय का. मला माहीत नव्हतं. म्हणाले मागव.

मधे एक दिवस दुसरा भाग उघडला, त्यातला दुसऱ्या महायुद्धाचा काळ मी भरभर वाचणार होते, त्यांनी वाचू दिला नाही. ओहायला अडकून पडलेला, भाषणं बंद, गाईची धार काढायची, भाजीपाला लावायचा, कोंबड्या. आप्पांना हाच भाग सगळ्यात आवडला. धार कशी काढतात अंगठा दुमडून का मुठीनं, हे पुस्तकात असायला पाहिजे होतं म्हणाले.

आणि ती पेन्सिल. आज परत पहिल्या भागाकडं येऊन १९२९ चं भाषण वाचलं, आणि समासातली ओळ पण वाचली, मुद्दाम, पुस्तकातलीच असल्यासारखी. लगेच म्हणाले, "ते त्यात नाही. ते आमच्या हेडमास्तरचं." त्यांचे हेडमास्तर माळकरी होते, आप्पांकडून एकेक पुस्तक न्यायचे आणि परत करताना समास भरून आणायचे. तोंडानं एक शब्द बोलायचे नाहीत, नुसतं लिहायचे. आप्पांना पुस्तकात रेघ मारलेली खपत नाही, पोरांना छड्या दिल्यात त्यासाठी, त्यामुळे रात्री खोडरबर घेऊन बसायचे आणि सगळं खोडून काढायचे. आई म्हणायची दोघं पण येडे.

मग ही एक कशी राहिली विचारलं. म्हणाले, "पुढं वाच."

खामनदी दादा, ते स्वैपाकवाल्याचं पुस्तक पीडीएफ नको, छापील मिळालं तर सांगा, कितीला पडतं ते पण. मोबाईलवरून वाचून बघितलं मी काल एक दिवस. मधेच म्हणाले, तू वाचतेस का मनानं सांगतेस? पान उलटल्याचा आवाज येईना म्हणे.